अकरा वीस ते बारा

ऑफिसात त्यांना पाठीमागे 'बेचाळीसबाई' म्हणत. कारण त्यांचा तो बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म. कंपनी कारखान्यांना कर्ज द्यायची, आणि कर्जाचा दुसरा हप्ता सोडण्याआधी बाई तिथे जाऊन बघून यायच्या, की माणसांना माणसासारखं वागवतात की नाही. या कामाला 'मानवी हक्क कक्ष' असं भारदस्त नाव होतं. कक्ष म्हणजे काय, तर जिन्याखालची एक खोली, दोन टेबलं, आणि त्यातल्या एका टेबलावर प्रिंटर. पण बाईंचा त्या कामावर जीव होता. थट्टा करणारे करोत बापडे! प्रश्न त्यांनी स्वतः खपून लिहिले होते आणि एकही गाळायला त्या तयार नसत.

त्या दिवशी त्या शर्ट शिवणाऱ्या एका कारखान्यात होत्या. मॅनेजरने प्रथमोपचाराची खोली उघडून दिली. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर औषधांची पेटी, दाराला वर काच. स्वतः बाहेर स्टूल टाकून बसला.

"ताई, मी आत पाऊलसुद्धा टाकणार नाही हं," तो म्हणाला. "नियम पाठ आहेत मला. एकेकीला पाठवतो फक्त."

जिभेवर साखर होती त्याच्या. आणि हातात बारा बायकांची यादी.

पहिल्या सहाजणी आल्या आणि गेल्या. प्रत्येकीला बरोबर दहा मिनिटं. सगळ्यांची उत्तरं एका साच्यातली, इतकी की बाईंना पुढचं उत्तर आधीच लिहून ठेवता आलं असतं. पगार मिळतो का? हो, वेळेवर. सुट्टी मिळते का? हो, वेळेवर. सहावी तर कोवळी पोरगी होती, घाबरून नुसती पुढे पुढे पळत होती. "कोणी शिवीगाळ करतं का?" बाईंनी विचारलं. "हो, वेळेवर," ती म्हणाली आणि मग जीभच चावली तिने. बाईंना हसू आलं, आणि लगेच स्वतःचा रागही आला. हसण्यासारखं काय होतं त्यात? पण लिहिणार काय? घोकून आलेल्या माणसाच्या तोंडून खरं काढायला फॉर्ममध्ये प्रश्न नव्हता.

सातवी आली ती काज करणारी. काजाच्या मशीनवर बसायची म्हणून सगळे तिला काजवालीच म्हणत. तिशीची असेल. उजव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधलेली. तिनेही बेचाळीस उत्तरं धडाधडा दिली. ओळखपत्रं तुमच्या ताब्यात आहेत का, हा एकोणिसावा प्रश्न. "हो." राहायच्या जागेतून हवं तेव्हा बाहेर पडता येतं का, हा विसावा. "हो."

"झालं. जा तू," बाई म्हणाल्या.

ती उठली नाही. दाराच्या काचेकडे तिची पाठ होती. मानही न हलवता तिने विचारलं, "हे कागद तुम्ही मॅनेजरला दाखवता?"

"अहवाल दाखवतो. पण त्यात तुझं नाव कुठेच येणार नाही. हे बघ, नावाचा रकानाच नाही फॉर्मवर. तू नुसती क्रमांक सात."

"शप्पथ?"

"शप्पथ," बाई म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या हो, त्यात काही खोट नव्हती.

मग ती बोलायला लागली. हात मांडीवर, मान ताठ, आवाज खाली. मागून बघणाऱ्याला वाटावं, अजून प्रश्नांचीच उत्तरं देतेय. कामावर आली त्या दिवशीच ओळखपत्र, दाखले, सगळं मॅनेजरने 'सांभाळून ठेवतो' म्हणून घेतलं, ते अजून त्याच्या लोखंडी कपाटात आहे. कारखान्याच्या मागे होस्टेल म्हणून एक लांबट खोली आहे, तिथे अडतीसजणी राहतात. संध्याकाळी साडेसहाला वॉचमन बाहेरून कुलूप लावतो, ते सकाळी सहाला उघडतं. खिडकी एक, तिला गज. कोपऱ्यात बादली. मागे एकदा कुणाची इस्त्री चालू राहिली, धूर झाला, तेव्हा सगळ्याजणींनी दार बडवून हात सुजवून घेतले. उघडायला कोणी आलं नाही. शेवटी पिण्याच्या पाण्यानेच विझवलं.

"सहा वर्षांची लेक आहे मला," ती म्हणाली. "भावजयीकडे ठेवलीय. सोळा महिने झाले बघितली नाही. रजा मागितली की मॅनेजर म्हणतो, कागद माझ्याकडे आहेत, जाशील कशी? परवा फोनवर पोर काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, आई, तू खरी आहेस का गं?"

बाईंचं पेन थांबलं.

"मला नोकरी सोडायची नाही. नोकरी सोडली तर पोरीला खायला काय घालू? फक्त आठ दिवस जाऊन यायचंय. माझे कागद माझ्या हातात द्या म्हणावं आणि ते कुलूप काढा म्हणावं. एवढंच."

ती उठली तेव्हा बाईंनी घड्याळ बघितलं आणि सवयीने फॉर्मवर वेळ टाकली. बाहेर मॅनेजर स्टुलावरून उठून उभा होता.

"ही फार बडबडी हो, ताई. डोकं खाल्लं असेल तुमचं."

"छे, छे. तिला प्रश्नच लवकर कळत नव्हते," बाई सहज म्हणाल्या. आपण किती बेमालूम थाप मारली म्हणून गाडीत बसेपर्यंत त्या स्वतःवर खूश होत्या.

अहवाल त्यांनी दोन दिवसांत लिहिला. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "उत्तम काम, बाई. अशानेच कंपनीची मान ताठ राहते." साहेब माणूस वाईट नव्हता. निळ्या पेनाने सुबक अक्षरात लिहायचा, कधी आवाज चढवायचा नाही. पण त्याच्या जगात जे कागदावर होतं तेच असायचं, बाकी काही नसायचं.

आता पद्धत अशी होती, की अहवाल आधी कारखान्याकडे जायचा. पंधरा दिवसांत त्यांनी उत्तर द्यायचं. दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय निर्णय नाही, कारण ऐकून घेतलं जाणं हाही माणसाचा हक्कच. बाईंनाही ते पटायचं. त्यांनी अहवालातून नावाची गंधवार्ता काढून टाकली. वय काढलं, मशीन काढलं, लेक काढली, इस्त्रीचा प्रसंगसुद्धा काढला. तीन वेळा डोळ्यांत तेल घालून वाचलं आणि पाठवून दिलं.

घरी नवरा म्हणाला, "काय, आज कुणाचे हक्क राखले? आमच्या चहाच्या हक्काचं तेवढं बघा."

"तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे. पंधरा दिवस थांबा," बाई म्हणाल्या आणि दोघंही खदखदून हसले. किती दिवसांनी बाईंना अशी शांत झोप लागली म्हणून सांगू!

तिसऱ्या दिवशी त्या फाइलला लावायला अहवालाची प्रत घेऊन बसल्या होत्या. पानांना भोकं पाडायची म्हणून गठ्ठा उलटा केला, तर शेवटचं पान वर आलं. परिशिष्ट. ते कॉम्प्युटर आपोआप जोडायचा, त्यामुळे कोणी वाचायचं नाही. त्यावर नाव नव्हतं, वय नव्हतं, काही नव्हतं. नुसते तीन रकाने. क्रमांक, सुरुवात, शेवट.

क्रमांक एक, दहा वीस ते दहा तीस. क्रमांक दोन, दहा तीस ते दहा चाळीस. असं दहादहा मिनिटांनी खाली येत येत क्रमांक सात. अकरा वीस ते बारा. आणि पुढे पुन्हा सगळ्या दहा मिनिटांच्या.

बाहेर स्टुलावर कोण बसलं होतं? एकेकीला कोण आत पाठवत होतं? यादी कुणाच्या हातात होती? आणि 'प्रश्नच कळत नव्हते' ही थाप अहवाल वाचल्यावर त्याला पटणार होती का?

भोकं पाडायचं यंत्र हातातच राहिलं. अहो, सगळं घर झाडून पुसून बंद करावं आणि चोराच्या हातात किल्ली देऊन यावं, तसं झालं हे! आणि तो वेळेचा रकाना कुणी घातला होता फॉर्ममध्ये? बाईंनीच. काही तपासनीस घरी बसून, पाय पसरून खोटे फॉर्म भरायचे. त्यांना चाप बसावा म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांनी साहेबांशी भांडून तो रकाना आणला होता.

त्या तशाच धावत साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. साहेबांनी पान बघितलं. त्यांचाही चेहरा उतरला, नाही असं नाही.

"मी आत्ताच्या आत्ता तिथे जाते," बाई म्हणाल्या.

"उत्तराच्या मुदतीत तपासनीसाने कारखान्याशी संपर्क करायचा नाही. हा नियम कुणाचा, बाई?"

बाईंचाच. एका तपासनीसाला कारखान्याने घड्याळ भेट दिलं होतं, त्यानंतर त्यांनीच तो करून घेतला होता.

"मग अहवाल परत मागवा!"

"त्यांनी परवाच उघडलाय. आता परत मागवला तर काय चुकलं म्हणून तो पान न् पान चाळेल. आज कदाचित त्याच्या लक्षातही आलं नसेल."

"निदान तिला दुसरीकडे कुठे—"

"कुणाला?" साहेब हळूच म्हणाले. "क्रमांक सात म्हणजे कोण, हे तुम्ही मलासुद्धा सांगू शकत नाही. तोही नियम तुमचाच आहे."

बाई उभ्याच राहिल्या. जिकडे वळावं तिकडे त्यांनीच बांधलेली भिंत. एकेक वीट त्यांनी स्वतः चांगल्या मनाने रचली होती, कुणा गरिबाचं भलं व्हावं म्हणून. आता त्यातून बाहेर पडायला बोटभर फट नव्हती. बोललं तर तिचं नाव फुटणार. गप्प बसलं तर ती बिचारी तिथे एकटी. जिन्याखालच्या खोलीत येऊन त्यांनी दार लावलं आणि ढसाढसा रडल्या.

पुढचे दिवस कसे गेले ते त्यांनाच ठाऊक. जेवण उतरेना. नवऱ्याने दोनदा विचारलं, तर त्याच्यावरच वसकन ओरडल्या. त्यालाही सांगता येत नव्हतं ना! रोज सकाळी त्या टपाल बघायच्या, आणि काही आलं नाही की कधी जीव भांड्यात पडायचा, कधी जास्तच घाबरा व्हायचा.

नवव्या दिवशी उत्तर आलं. साहेबांनी स्वतः हाक मारून बोलावलं, आणि चेहरा कसा, पोरगं पहिलं आल्यासारखा.

"बघा, बाई! उगाच जिवाला घोर लावून घेतलात. सगळं सुधारलंय त्यांनी. होस्टेलच्या दाराचा फोटो बघा, कडी नाही की कुलूप नाही. सगळ्यांना कागद परत दिलेत. वर कामगार समितीसुद्धा काढलीय. आपण मागितलीही नव्हती!"

समितीचा फोटो मोठा होता. मधल्या खुर्चीवर, 'अध्यक्ष' लिहिलेल्या पाटीमागे, काजवाली बसली होती. आपलं ओळखपत्र तिने छातीशी धरलं होतं, शेजारणीचं काचेचं भांडं धरावं तसं, बोटांच्या टोकांनी. सोबत तिच्या सहीचं पत्र. क्रमांक सातने सांगितलेली माहिती गैरसमजातून दिलेली होती, समितीने चौकशी केली असून कुणाचीही तक्रार नाही.

"हा फोटो आपण वार्षिक पुस्तकात घेऊ," साहेब म्हणाले. "तुमच्या कामाचं चीज झालं. आता एक फेरी मारून या आणि हिरवा शेरा देऊन टाका, म्हणजे त्यांचा हप्ता सोडता येईल."

बाईंनी फोटोवरचं बोट उचललं नाही. अडतीस बायकांमधून मॅनेजरला अध्यक्ष करायला नेमकी हीच सापडली होती.

दोन दिवसांनी दुपारी त्या कारखान्यात गेल्या. या वेळी मॅनेजरने केबिनमध्येच बसवलं. काजवाली त्याच्या शेजारच्या खुर्चीत. तिच्या बोटाची चिंधी गेली होती, नवीन कडक शर्ट घातलेला.

"विचारा, ताई, आमच्या अध्यक्षांना काय हवं ते. आम्ही मध्ये बोलणार नाही."

"सगळं ठीक आहे ना?" बाईंनी विचारलं.

"सगळं छान आहे," काजवाली टेबलाकडे बघत म्हणाली.

बाईंना विचारायचं होतं, लेकीला भेटलीस का? तोंडापर्यंत आलेला प्रश्न त्यांनी गिळला. लेक आहे हे बाईंना कसं माहीत, असं मॅनेजरने विचारलं असतं तर? त्या सुया, कापड, पंखे असलं काहीबाही विचारत राहिल्या. काजवालीने एकदाही मान वर केली नाही. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. रागाने की लाजेने, ते बाईंना कळेना, आणि कळून तरी करणार काय होत्या?

मग मॅनेजरने होस्टेल दाखवलं. दार सताड उघडं. कडी-कोयंड्याचा मागमूस नाही. दाराला नवा पिवळा रंग. पण जिथे कोयंडा असतो तिथे चार बारीक भोकं होती, आणि त्या भोकांच्या कडेचा रंग खरवडून आतलं लाकूड पांढरं दिसत होतं.

"ही भोकं कसली?"

"पूर्वी छत्र्या अडकवायला खुंटी होती हो," मॅनेजर म्हणाला.

खुंटीला चार स्क्रू? आणि भोकांच्या कडा ताज्या? रोज काढायचं, रोज बसवायचं! बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि त्याच क्षणी अंधारही झाला, कारण याचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे चार भोकांशिवाय काही नव्हतं. उरलेलं कुणाला तरी विचारावं लागणार, आणि जिला विचारावं तिला तोंडघशी पाडल्यासारखं होणार.

त्या गाडीत बसल्या. मॅनेजर हात हलवून आत गेला. मांडीवर फॉर्म, हातात पेन, शेऱ्याच्या जागी कोरा चौकोन. गाडी कारखान्याच्या कुंपणाला वळसा घालून मागच्या बाजूला आली, तिथे चिंध्यांचा ढीग टाकायचं छोटं फाटक उघडंच होतं.

"थांब," बाई ड्रायव्हरला म्हणाल्या. "तू जा पुढे. माझी बहीण इथेच राहते, तिच्याकडे जाऊन मी बसने येईन."

बहीण कसली नि काय! बाई एकुलत्या एक होत्या. गाडी दिसेनाशी झाल्यावर त्या पर्स पोटाशी धरून त्या फाटकातून आत शिरल्या. बावन्न वर्षांची बाई, गुडघे कुरकुरणारी, चिंध्यांचे ढीग तुडवत चोरासारखी चालली होती. बघितलं असतं कोणी तर काय म्हटलं असतं! होस्टेलचं दार अजून सताड उघडं होतं. पाहुणी गेल्यावर आता घाई कुणाला? आत दुमजली खाटांच्या रांगा, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. त्या अगदी टोकाच्या खाटेवर, कपड्यांच्या आड, अंग चोरून बसल्या.

आपण हे काय करून बसलो, असं दहा वेळा मनात आलं. दहाही वेळा उठावंसं वाटलं आणि त्या उठल्या नाहीत.

सहाला भोंगा झाला. बायका थकून भागून आत आल्या. पहिल्यांदा बघितलं ते सगळ्यांत थोरल्या बाईने, जिला सगळ्या मावशी म्हणत. तिने किंकाळी फोडायला तोंड उघडलं आणि स्वतःच हाताने दाबलं. मग एकेक करून सगळ्या गोळा झाल्या. काजवाली सगळ्यांत शेवटी आली. बाईंना बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"उठा! निघा आधी इथून!" ती दातओठ खात म्हणाली. "एकदा बोलले तुमच्याशी, त्याचे भोग भोगतेय. पुरलं नाही का?"

बाई काही बोलणार तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. सगळ्या जागच्या जागी थिजल्या. दार ओढलं गेलं. स्क्रू फिरवल्याचा आवाज आला, एक, दोन, तीन, चार. मग कुलपाचा खटका. पावलं निघून गेली. खिडकीतून अजून चांगलं ऊन आत येत होतं, आणि अडतीस बायका त्या उन्हात उभ्या होत्या.

"झालं आता," मावशी म्हणाली. "बसा. सकाळपर्यंत कुठे जाताय?"

काजवाली खाटेच्या कडेवर बसली.

"त्याने मला मारलं नाही की शिवी दिली नाही," ती म्हणाली. "तो वेळेचा कागद समोर ठेवला आणि सातव्या ओळीवर बोट. म्हणाला, चाळीस मिनिटं! एवढं छान बोलता येतं तुला? मग आता सगळ्यांच्या वतीने तूच बोल. दर महिन्याला मी सही करायची, सगळं छान आहे म्हणून. ओळखपत्र फोटोपुरतं हातात दिलं, लगेच काढून घेतलं. रजा तर विसराच, अध्यक्ष जागेवर नको का? लेकीला फोन करायचा तर त्याच्या केबिनमधून, त्याच्यासमोर. आणि या सगळ्याजणी..." तिचा आवाज फाटला. "या माझ्याशी बोलत नाहीत. यांना वाटतं, मी विकली गेले."

कुणी नाही म्हटलं नाही. सहावी पोरगी मात्र खाली बघायला लागली.

"माझी चूक झाली," बाई म्हणाल्या. "तो वेळेचा रकाना मी केला होता. शप्पथ मी घेतली आणि तुझा घात मीच केला. कुठल्या तोंडाने माफी मागू?"

"माफीचं काय करू मी? आता परत आमचं काय लिहून नेणार ते सांगा."

"काहीच नाही. तुला मी एकही प्रश्न विचारणार नाही. कुणालाच विचारणार नाही." बाईंनी पर्समधून फोन काढला. "आता मी स्वतःच आत आहे ना?"

साहेबांनी दुसऱ्या घंटीला उचलला.

"साहेब, मी त्या कारखान्याच्या होस्टेलमध्ये आहे. बाहेरून कुलूप आहे."

"असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी सांगितलं नाही. मी आतून बोलतेय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बाई, तुम्ही न सांगता तिथे... अहो, नियम—"

"मोडला. उद्या काढून टाका मला, मी भांडायला येणार नाही. आत्ता आधी दार उघडायचं बघा."

"थांबा, मी मॅनेजरला फोन करतो."

"त्याला करू नका! तो आला तर दोन मिनिटांत कोयंडा गायब, आणि मी इथे गप्पा मारायला आले होते, असं होईल. पोलिसांना करा. आणि तुम्ही स्वतः या."

"पोलीस म्हणजे... कंपनीचं नाव जाईल हो, बाई."

"साहेब, तुमच्या कंपनीची बाई कोंडली गेलीय," बाई म्हणाल्या, आणि आपला आवाज इतका शांत कसा, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "फोन तुम्ही करता की मी करू?"

पलीकडे पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला.

"किती जणी आहात आत?"

"माझ्यासकट एकोणचाळीस."

"पोलीस नावं विचारतील. आत कोण कोण आहे ते लिहून द्यावं लागेल."

फोन त्यांनी मोठ्या आवाजावर ठेवला होता, सगळ्यांनी ऐकलं होतं. "माझं एकटीचं लिहा," त्या म्हणाल्या. "दुसरं नाव मी देणार नाही. यांनी मला काही सांगितलेलं नाही."

"एका नावावर कसं चालेल, बाई?"

"नाही देणार म्हटलं ना!"

काजवाली उठली. बाईंच्या पुढ्यात येऊन तिने हात पुढे केला. बाईंनी मान हलवली, नको गं, नको. तिने फोन त्यांच्या हातातून काढूनच घेतला, जोर लावून नाही, पोराच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसा. मग तिने एकदा सगळ्यांकडे बघितलं. कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही.

"लिहून घ्या," ती फोनमध्ये म्हणाली. आणि तिने आपलं नाव सांगितलं. पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव, जन्मतारीख, कपाटातल्या त्या कार्डावर आहे तसं अक्षर न् अक्षर. "एक मुलगी आहे, सहा वर्षांची. तेही लिहा."

"लिहिलं," साहेब म्हणाले.

"वाचून दाखवा."

साहेबांनी वाचून दाखवलं. त्या लांबट खोलीत सगळ्याजणी ऐकत होत्या.

"बरोबर आहे," काजवाली म्हणाली आणि फोन मावशीच्या हातात दिला.